पिल्लू अजगराच्या नाकाला बुडबुडे, श्वासाला आवाज: घरी काय करायचं आणि डॉक्टरकडे काय

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर कशावर बेतलंय ते बाकीच्यांनाही कळेल. बॉल पायथन या जातीच्या अजगराचं पिल्लू, वय तीन-चार महिने, वजन ९० ग्रॅम. घरी आणून तीन आठवडे झाले. आठवडाभर श्वासाबरोबर बारीक टिकटिक ऐकू येतेय, दोन दिवसांपासून एका नाकपुडीवर बुडबुडा दिसतो, आणि दोनदा खाणं नाकारलंय. पेटीच्या काचेला चिकटवलेला गोल काटा २९ अंश दाखवतो. एकाने सांगितलं, तापमान वाढवा, आपोआप बरं होईल. दुसऱ्याने सांगितलं, घरात उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप थेंबथेंब पाजा. त्याच खोलीत दुसऱ्या पेटीत एक कॉर्न स्नेक आहे. आणि तुम्हाला हवंय ते एवढंच, की हे घरच्या घरी निभावेल का.

नाही निभावणार. नुसता आवाज असता तर दोन दिवस बघा म्हटलं असतं. आवाज, बुडबुडा आणि बंद झालेलं खाणं ही तिन्ही एकत्र आल्यावर वाट बघण्यात अर्थ नाही. उद्या-परवाच्या आत सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे पिल्लू गेलं पाहिजे. पण म्हणून तुमच्या हातात काही नाही असंही नाही. गार पेटीत उत्तमातलं उत्तम प्रतिजैविक वाया जातं, आणि नुसत्या उबेने स्रावाने भरलेलं फुप्फुस मोकळं होत नाही. औषध डॉक्टर देतील, ऊब तुम्हालाच द्यायची आहे, आणि ती आज रात्रीपासून.

आधी एक शंका मिटवू, कारण निम्मी भीती इथेच असते. सापाच्या श्वासाचा प्रत्येक आवाज म्हणजे संसर्ग नव्हे. कात टाकायला आलेल्या सापाच्या नाकपुडीत जुनी कातडी सुटते आणि श्वास घेताना शिट्टी वाजते. डोळे दुधी झालेले असतील, अंग निस्तेज दिसत असेल, तर कात पडेपर्यंत थांबायला हरकत नाही. कात पूर्ण निघाली की आवाज एक-दोन दिवसांत जातो. पाणी प्यायल्यावर नाकाशी एखादा थेंब दिसतो, तोही काही नाही. खाल्ल्यानंतर जबडा जागेवर बसवताना साप मोठी जांभई देतो, ती पाहून ‘तोंड उघडून श्वास घेतोय’ असा फोन मला दर काही दिवसांनी येतो. संसर्गाचा आवाज वेगळा असतो. तो श्वासागणिक येतो, साप शांत पडलेला असतानाही येतो, आणि त्याला ओलेपणा असतो. खोलीतला पंखा बंद करून फोन सापाच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर धरा आणि दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड करा. हा व्हिडिओ डॉक्टरला दाखवायलाही लागेल, कारण दवाखान्यात पोचल्यावर घाबरलेला साप बरेचदा आवाजच काढत नाही. पेटीची काचही बघा. सापाने थोबाड घासलं असेल तिथे वाळलेल्या चिकट रेघा दिसतात. ओठांच्या कडेला लाळेचा तंतू लोंबत असेल तर शंकेला जागा उरत नाही.

सापाला श्वसनाचा संसर्ग इतका जड का जातो, हे समजलं की पुढचे सगळे उपाय आपोआप समजतात. सापाला खोकता येत नाही. आपल्यासारखा श्वासपटल त्याला नाही. बरगड्यांमधले स्नायू आकुंचन पावतात तेव्हा हवा आतबाहेर होते, आणि जोराचा झटका देऊन कफ बाहेर फेकण्याची सोयच शरीरात नाही. बहुतेक सापांत उजवं फुप्फुसच कामाचं असतं, डावं नावापुरतं किंवा मुळीच नसतं. अजगर आणि बोआ यांना दोन असतात, पण त्यांचंही डावं लहान. फुप्फुसाच्या पुढच्या भागात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, तिथे हवेची देवाणघेवाण होते. मागचा भाग म्हणजे पातळ पडद्याची नुसती हवेची पिशवी. साप आडवा पडलेला असतो, त्यामुळे स्राव या लांबट पोकळीत साचून राहतो. त्यात सापाचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट होतो. तो विरघळत नाही, वाहूनही जात नाही. ९० ग्रॅमच्या पिल्लाची श्वासनलिका इतकी अरुंद असते की अशी एक गुठळी ती बंद करू शकते. मोठा साप ज्या आजारात महिनाभर रेंगाळतो, त्यात पिल्लू काही दिवसांत जाऊ शकतं ते यामुळे.

म्हणून ही लक्षणं दिसली तर उद्याची वाट न बघता त्याच दिवशी निघा: तोंड सतत उघडं, डोकं आणि मान वर उचलून धरलेली, तोंडात फेस किंवा पिवळट घट्ट स्राव, तोंडाच्या आतला रंग फिकट किंवा निळसर, हातात घेतल्यावर अंग दोरीसारखं लुळं. डोकं वर धरणं म्हणजे ‘टेहळणी’ नव्हे. स्राव खाली राहावा आणि हवेला वाट मिळावी म्हणून साप ती धडपड करत असतो.

आता तापमान. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या अशा पिल्लांपैकी बहुतेकांची गोष्ट इथूनच सुरू झालेली असते. काचेवरचा तो गोल काटा काढून टाका. तो काचेजवळच्या, मध्यावरच्या हवेचं तापमान सांगतो, तेही अंदाजाने. साप जमिनीलगत, लपायला ठेवलेल्या डबीच्या आत झोपतो. तिथे खरं तापमान किती आहे, हे तुम्हाला आत्ता माहीत नाही. प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाला सेन्सर, असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या. एक प्रोब उबदार बाजूच्या डबीच्या आत, जमिनीवर, साप प्रत्यक्ष जिथे पोट टेकतो तिथे ठेवा. दुसरा गार बाजूला. मग चोवीस तासांतलं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान नोंदवा. दिवसा ३१ असलेली पेटी पहाटे चार वाजता २२ वर उतरलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे. पाळणाऱ्याला पत्ताच नसतो, कारण त्या वेळी तो झोपलेला असतो. सापाचं शरीर स्वतःची उष्णता तयार करत नाही. २२ अंशांना त्याच्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात, पचन थांबतं, श्वासनलिकेतला स्राव वर सरकवणारे सूक्ष्म केस मंद होतात. जंतू मात्र त्या तापमानालाही वाढत असतात.

निरोगी बॉल पायथनला उबदार बाजूला ३१ ते ३३ आणि गार बाजूला २५ ते २७ अंश पुरतात. आजारपणात मी दोन बदल सांगतो. उबदार टोक ३२-३३ वर पक्कं ठेवायचं, आणि रात्रीची घट पूर्ण काढून टाकायची. गार टोकही २७ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. याहून वर नेऊ नका. ‘वाढवा’ म्हटलं की लोक ३७-३८ वर नेतात. त्याने सापाच्या अंगातलं पाणी आटतं, स्राव आणखी घट्ट होतो, आणि प्राणवायूची गरज वाढते तीही नेमकी फुप्फुस भरलेलं असताना. पेटीत गार कोपरा राहिलाच पाहिजे. आजारी सरपटणारा प्राणी स्वतःहून उबेत जाऊन अंगाचं तापमान वाढवतो, आणि पुरे झालं की बाजूला होतो. ताप आणायची त्याची पद्धत ती आहे. ती त्याला वापरता आली पाहिजे. हीट मॅट, म्हणजे पेटीखालची तापणारी चटई, असेल तर तापमान ठरल्या आकड्यावर रोखणारा थर्मोस्टॅट हवाच. थर्मोस्टॅटशिवाय लावलेल्या मॅटने पोटाला झालेले भाजल्याचे डाग श्वसनाच्या आजाराहून जास्त दिवस छळतात. खोलीच गार असेल तर एकट्या मॅटने हवा तापत नाही. थर्मोस्टॅटला जोडलेला, प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर वरून लावा, सापाचं अंग त्याला टेकणार नाही अशा जाळीआड.

बॉल पायथनला लागतो तो दमटपणा ५५ ते ६५ टक्के. इथे दोन्हीकडून चुका होतात. हवा कोरडी पडली की स्राव घट्ट होतो आणि कात नाकपुडीत अडकते. म्हणून मग लोक रोज पाणी फवारतात, वरची जाळी प्लास्टिकने झाकतात, आणि पेटी ओली, गार, कोंदट होते. संसर्गाला याहून चांगली जागा नाही. दमट हवा आणि ओली जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याचं भांडं मोठं ठेवा, हवा खेळती ठेवा, तळ कोरडा ठेवा.

उपचाराच्या काळात सजवलेली पेटी बाजूला ठेवून साधा, भोकं पाडलेला प्लास्टिकचा टब वापरा. तळाला कागदी टॉवेल, दोन्ही टोकांना एकसारखी एकेक डबी, पाण्याचं जड भांडं, बस. पांढऱ्या कागदावर स्रावाचे डाग दिसतात, विष्ठा दिसते, आणि काळे टिपके फिरत असतील तर तेही दिसतात. ते टिपके म्हणजे सापावरच्या गोचिड्या, माइट. त्या रक्त पितात, सापाला अशक्त करतात आणि जंतू एका सापावरून दुसऱ्यावर नेतात. पाण्याच्या भांड्याच्या तळाशी बुडालेल्या सापडल्या तर डॉक्टरला आवर्जून सांगा. देवदार किंवा पाइनच्या लाकडाचा भुसा वापरत असाल तर तो कायमचा बंद करा. त्यातली सुगंधी तेलं श्वासमार्गाला झोंबतात. खोलीत सुगंधी फवारे, धूर, रंगाचा वास नको. फिनाईल आणि त्या जातीची जंतुनाशकं सापाला विषारी आहेत, पेटी त्याने पुसू नका. आणि माणसाला सर्दीत देतात तो वाफारा, मेंथॉल, निलगिरी यांपैकी काहीही नको. गरम वाफेने साप भाजतो, आणि तेलाच्या वासाने आधीच सुजलेली नलिका आणखी आवळते.

सिरपबद्दल. ते ठेवून द्या. सापाच्या श्वसनसंसर्गात बहुतेकदा ग्रॅम-निगेटिव्ह या गटातले जंतू सापडतात: स्यूडोमोनास, एरोमोनास, क्लेबसिएला, प्रोटियस. यांतले बरेच सापाच्या तोंडात एरवीही शांतपणे राहत असतात. प्रतिकारशक्ती खचली की खाली उतरतात. स्यूडोमोनासवर अमॉक्सिसिलिन चालतच नाही. शिवाय तोंडात ओतलेलं पातळ सिरप थेट श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. सापाची स्वरद्वाराची फट, म्हणजे श्वासनलिकेचं तोंड, जिभेच्या लगेच मागे, तोंडाच्या तळावरच असते. पाजणाऱ्याला ती दिसत नाही. आणि न मोजलेली औषधं आधी देऊन आणलेल्या सापाच्या चाचणीत खरा जंतू वाढत नाही, मग पुढचं औषध निवडायला आधारच राहत नाही.

दवाखान्यात नेताना पिल्लाला कापडी पिशवीत, पिशवी भोकं असलेल्या थर्मोकोलच्या खोक्यात, आणि बाजूला फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली असं न्या. बाटली सापाच्या अंगाला टेकू देऊ नका. तापमानाची नोंद, आवाजाचा व्हिडिओ, शेवटचं खाणं आणि शेवटची कात यांच्या तारखा आणि मिळाली तर ताजी विष्ठा सोबत घ्या. विष्ठेत फुप्फुसातल्या जंतांची अंडी किंवा अळ्या सापडतात. रानातून पकडून आणलेल्या सापांत हे बघणं टाळू नये.

चांगला डॉक्टर तोंड हलक्या हाताने उघडून स्वरद्वार बघेल: तिथे श्वासागणिक बुडबुडा फुटतोय का, तोंडाच्या अस्तरावर लाली किंवा पिवळा थर आहे का. काही वेळा दिसतं ते तोंडाच्या दाहाचं, आणि स्राव तिथूनच खाली गेलेला असतो. एक्स-रे लहान पिल्लात फार काही सांगत नाही, पण आजार किती खोल गेलाय याचा अंदाज येतो. सर्वांत उपयोगी चाचणी म्हणजे श्वासनलिका धुऊन घेतलेला नमुना. बारीक निर्जंतुक नळी स्वरद्वारातून आत सरकवतात, दर किलोला ५ ते १० मिली या हिशेबाने सलाइन सोडतात आणि परत ओढून घेतात. तुमच्या पिल्लाला हे पाणी ०.४५ ते ०.९ मिली भरेल. या नमुन्यात जंतू वाढवून कुठलं प्रतिजैविक लागू पडतं ते बघतात. नुसता तोंडातला स्वॅब त्यासाठी घेतला तर तोंडातले नेहमीचे रहिवासीच उगवतात आणि निदान भरकटतं. पिल्लाची अवस्था नाजूक असेल तर डॉक्टर आधी औषध सुरू करतील आणि धुण्याची चाचणी पुढे ढकलतील. तेही चुकीचं नाही.

पहिल्या औषधासाठी माझा कौल बहुतेक वेळा सेफ्टाझिडीमला असतो. स्यूडोमोनासवर चालतं, मूत्रपिंडाला जड जात नाही, आणि ३० अंशांच्या आसपास ठेवलेल्या सापाच्या शरीरात इतकं हळू निघतं की दर ७२ तासांनी एक इंजेक्शन पुरतं. सोमवारी सकाळी, गुरुवारी सकाळी, रविवारी सकाळी, असं चक्र. ही ७२ तासांची मोजणी उबदार सापासाठी आहे. पेटी गार असेल तर औषध शरीरात कसं फिरेल आणि किती टिकेल, याचा हिशेबच चुकतो. एन्रोफ्लॉक्सासिनही वापरतात, पण त्याचं इंजेक्शन झोंबतं आणि बारीक स्नायूंच्या पिल्लात त्या जागेची कातडी काळी पडून गळू शकते. अमिकासिन ताकदीचं आहे, मात्र मूत्रपिंडाला धोकादायक. अंगात पाणी कमी असलेल्या सापाला मी ते देत नाही.

मात्रेचा हिशेब मुद्दाम दाखवतो. हे औषध घरी स्वतः आणून टोचावं म्हणून नाही, ते का टोचू नये हे कळावं म्हणून. सेफ्टाझिडीमची सापांसाठी रूढ मात्रा दर किलोला २० मिग्रॅ. ९० ग्रॅमच्या पिल्लाला १.८ मिग्रॅ. एक ग्रॅमची कुपी १० मिली पाण्यात विरघळवली की एका मिलीत साधारण १०० मिग्रॅ येतात; म्हणजे पिल्लाला हवं ०.०१८ मिली. हे कुठल्याच सिरिंजवर मोजता येत नाही, सुईच्या बुडात याहून जास्त अडकून राहतं. म्हणून डॉक्टर त्यातला एक मिली घेऊन सलाइनने दहा मिली करतात, मग मात्रा ०.१८ मिली होते, इन्सुलिनच्या १०० युनिटच्या सिरिंजवर बरोबर १८ रेघा. पातळ करायची ती एक पायरी चुकली की पिल्लाला दहापट औषध जातं. तयार औषध फ्रिजमध्ये काही दिवसच टिकतं, म्हणून बहुतेक डॉक्टर एकेका मात्रेच्या सिरिंज भरून गोठवून देतात. द्यायच्या वेळी एकच बाहेर काढायची, खोलीत आपोआप वितळू द्यायची. गरम पाण्यात नाही, मायक्रोवेव्हमध्ये नाही, आणि वितळलेली पुन्हा गोठवायची नाही.

इंजेक्शन घरी द्यायचं ठरलं तर पहिलं डॉक्टरसमोर स्वतःच्या हाताने देऊन बघा. जागा शरीराच्या पुढच्या तिसऱ्या भागात, पाठीच्या कण्याच्या एका बाजूच्या स्नायूत. मागच्या भागातलं रक्त मूत्रपिंडांतून जातं, म्हणून पुढे टोचण्याची रीत आहे. एकाने सापाला टॉवेलवर सैलसर धरायचं. सुई खवल्यातून नाही, दोन खवल्यांच्या फटीतून, तिरकी आणि उथळ घालायची. अगदी सावकाश दाबायचं, काढल्यावर क्षणभर बोट टेकवून ठेवायचं, नाहीतर थेंब परत बाहेर येतो. पुढच्या वेळी दुसरी बाजू. कुठल्या बाजूला दिलं ते कागदावर लिहा. ७२ तासांनी ते आठवत नाही, आठवतं असं फक्त वाटतं.

उपचार साधारण तीन ते चार आठवडे चालतो, घट्ट स्राव असेल तर त्याहून जास्त. चौथ्या-पाचव्या इंजेक्शनच्या सुमाराला आवाज कमी होतो आणि याच टप्प्यावर बरेच जण थांबतात. आवाज थांबला याचा अर्थ नलिका मोकळी झाली. फुप्फुसात खोलवरचा पू अजून तिथेच असतो. अर्धवट सोडलेला संसर्ग परततो तेव्हा पहिलं औषध अनेकदा चालत नाही.

जोडीला नेब्युलायझर फार उपयोगी पडतो. साध्या सलाइनचाही, कारण स्राव पातळ होऊन वर सरकतो. औषध मिसळायचं की नाही, ते डॉक्टर ठरवतील. छोट्या, झाकणाला दोन-चार भोकं असलेल्या डब्यात पिल्लू ठेवून दिवसातून एक-दोनदा पंधरा-वीस मिनिटं. डबाही उबदार हवा. गार धुक्यात ठेवलेला साप आणखी गारठतो. खोलीतला ह्युमिडिफायर हे काम करत नाही, त्याचे थेंब मोठे असतात आणि नाकाशीच थांबतात. नेब्युलायझरनंतर तोंडाशी स्राव आला तर ओल्या कापसाच्या काडीने कडेकडेने टिपून घ्या, आत खुपसू नका.

खाण्याची काळजी नेमकी उलटी केली जाते. दोन वेळचं खाणं चुकलं म्हणून पाळणारा हवालदिल होतो आणि तोंडात उंदीर कोंबू बघतो. बुडबुडे चालू असताना खाऊ घालूच नका. गिळताना सापाला बराच वेळ स्वरद्वार बाजूला काढून श्वास चालू ठेवावा लागतो, भरलेल्या फुप्फुसाने ते जमत नाही. मग खाल्लेलं उलटून पडतं, आणि उलटीने पिल्लू जितकं खचतं तितकं उपासाने खचत नाही. पाणी मात्र महत्त्वाचं. भांड्यात ताजं पाणी कायम हवं. कातडी सुरकुतलेली, डोळे आत गेलेले दिसत असतील तर डॉक्टर कातडीखाली द्रव देतील. ‘कोमट पाण्यात बसवा’ हा सल्ला तोंड उघडून श्वास घेणाऱ्या सापाला लागू नाही. वजन आठवड्यातून एकदा, एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर करा. पिल्लू ८१ ग्रॅमच्या खाली गेलं, म्हणजे दहा टक्के गमावले, तर नळीने अन्न द्यायचं का हे डॉक्टरशी बोला. श्वास शांत होऊन आठवडा झाला की नेहमीच्या निम्म्या आकाराचा, मेलेला आणि नीट कोमट केलेला उंदीर द्या. इंजेक्शनच्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी द्या, आणि त्यानंतर दोन दिवस हात लावू नका. एरवीही या काळात सापाला उचलणं औषध, वजन आणि सफाईपुरतंच.

दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर औषध बदलत बसण्याआधी निदान पुन्हा तपासायला हवं. धुण्याची चाचणी झाली नसेल तर आता करा. बुरशीचा विचार करा. आणि अजगर आहे म्हणून विषाणूचा विचार तर पहिल्याच भेटीत व्हावा असं माझं मत आहे. बॉल पायथनमधला निडोव्हायरस, ज्याला आता सर्पेंटोव्हायरस म्हणतात, २०१४ मध्ये प्रथम वर्णिला गेला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा विषाणू बॉल पायथनांच्या तोंडात आणि श्वासनलिकेत सोडला, तेव्हा त्यांच्यात तोंडाच्या अस्तराची लाली, भरपूर चिकट स्राव आणि तोंड उघडून श्वास हीच लक्षणं दिसली. त्यावर औषध नाही. प्रतिजैविकाने वरचा जिवाणूसंसर्ग दबतो, साप थोडा सुधारतो, औषध थांबलं की पुन्हा तेच. तोंडाच्या स्वॅबवर पीसीआर करता येते आणि एकदा नकारात्मक आली तरी काही आठवड्यांनी पुन्हा करावी, कारण विषाणू दर वेळी सापडेलच असं नाही. चाचणी सकारात्मक आली तरी साप लगेच मरतो असं नाही. काही साप लक्षणांशिवाय विषाणू बाळगून असतात. पण तो साप पुढे कायम एकटा राहील, त्याची पैदास होणार नाही, तो कुणाला दिला जाणार नाही, हे त्याच दिवशी ठरवावं लागतं.

तुमच्या कॉर्न स्नेकला आजच वेगळ्या खोलीत हलवा. निडोव्हायरस प्रामुख्याने अजगरांत सापडला असला तरी फेर्लाव्हायरस हा दुसरा श्वसनविषाणू अनेक जातींच्या सापांत फिरतो. १९७२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका सर्पफार्मवर त्याने साप मेले, तेव्हा तो माणसांच्या नजरेत आला. रोजचं काम आधी कॉर्न स्नेकचं, मग आजारी पिल्लाचं, उलट कधीच नाही. चिमटा, पाण्याचं भांडं, सफाईची फडकी दोघांची वेगळी. मधे हात साबणाने धुवा. सापाच्या अंगावरचा साल्मोनेला घरातल्या लहान मुलांना बाधतो, म्हणून ते एरवीही करायचंच असतं. पिल्लाचा शेवटचा डोस झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी डॉक्टरकडून श्वास पुन्हा ऐकून घ्या, आणि त्यानंतरही किमान तीन महिने दोघांना एका खोलीत आणू नका. तोवर कॉर्न स्नेकच्या पेटीतही प्रोब टाकून पहाटे चारचा आकडा बघून ठेवा. त्याला उबदार टोक २८ ते ३० पुरतं.